लातूर-नांदेडकरांचे शांघायदर्शन

शांघायची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार २ कोटी ४८ लाखांच्या वर आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ६,३४० चौरस किलोमीटर. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर. २०११ साली त्यात साडेचोवीस लाख माणसे राहत होती. म्हणजे औशापासून उदगीरपर्यंतचा एकूण एक माणूस दहादा मोजून, वर जिल्ह्याची थोडी जागा कापून घेतली की शांघाय तयार होते. एवढ्या दाटीत भांडणे कशी होत नाहीत, हा इकडून गेलेल्या प्रवाशाचा पहिला प्रश्न असतो. होत असावीत, पण ती चिनी भाषेत होत असल्याने कळत नाहीत आणि मधे पडता येत नाही, याची रुखरुख राहते.

लातूर-नांदेडकडून शांघायला जाणाऱ्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला व्यापाऱ्यांचा. याचे खरे दैवत तिथून सुमारे तीनशे किलोमीटरवरचा यिवूचा घाऊक बाजार. खेळणी, खोटे दागिने आणि दिवाळीच्या माळा यांत जीव अडकलेला असल्याने शांघाय त्याला वाटेतल्या स्टँडएवढेच दिसते. दुसरा वर्ग पालकांचा. लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षे घासूनही नीटचे गुण थोडक्यात हुकले की काही मुले एमबीबीएसला चीन गाठतात आणि त्यांच्यामागे कधीतरी आईवडीलही. तिसरा, सर्वांत मोठा आणि सर्वांत आनंदी वर्ग म्हणजे कृषी सेवा केंद्रांचे चालक. खताचे, बियाण्याचे किंवा पंपाचे टार्गेट पूर्ण केल्याबद्दल कंपनी त्यांना फॉरेन टूरला नेते. तिकीट खिशातून गेलेले नसल्यामुळे त्यांची दृष्टी स्वच्छ असते. पुढील वर्णन मुख्यतः त्यांचे आहे.

भारत-चीन थेट विमाने २०२० साली बंद झाली ती २०२५च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. विमान कुठलेही असो, अर्धी बॅग धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीने भरलेली असते. उतरल्याबरोबर दोन धक्के बसतात. तिथल्या नेटवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाहीत. त्यामुळे गावाकडच्या ग्रुपवरचा रोजचा गुड मॉर्निंग बंद पडतो आणि तिसऱ्या दिवशी भावकी घरी येऊन ‘सगळं ठीक हाय न्हवं?’ असे विचारून जाते. दुसरा धक्का पैशांचा. भाजीवालीपासून बड्या दुकानापर्यंत सगळे मोबाइलने कोड स्कॅन करून पैसे घेतात. गंजगोलाईतला पेरूवालासुद्धा हेच करतो, तेव्हा त्याचे नवल नाही. नवल याचे, की आपला फोन तिथे मुका होतो आणि खिशातली नोट बघून दुकानदारच ओशाळतो.

सहलीची सुरुवात बंडवरून, म्हणजे हुआंगपू नदीच्या काठच्या जुन्या युरोपीय इमारतींपासून होते. बँका, १९२७चे घड्याळाचे कस्टम हाउस, आणि हिरव्या टोकदार छपराचे ससून हाउस. १९२९ साली हे व्हिक्टर ससून यांनी उभारले. आज ते पीस हॉटेल म्हणून ओळखले जाते. गाइडने ‘ससून’ म्हणताच सगळा गट एकदम गंभीर होतो. मराठवाड्यात हे नाव कानावर पडले की आधी पेशंट कोण ते विचारायचे असते. शंका रास्तही आहे, कारण पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले त्या डेव्हिड ससून यांचेच व्हिक्टर हे पणतू. बगदादहून मुंबईत आलेल्या या घराण्याने कापूस आणि अफू चीनला पाठवून पैसा केला. तेव्हा या देखण्या रांगेत मुंबई बंदरातून गेलेल्या अफूचाही वाटा आहे. हे ऐकून गटातला एखादा जुना व्यापारी दलाली किती असेल याचा मनाशी अंदाज बांधतो.

नदीपलीकडे पुडोंग. तिथला शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आणि १२८ मजल्यांचा आहे. लिफ्ट मिनिटाच्या आत ११८व्या मजल्यावर नेऊन सोडते. कान मात्र मागून येतात. इतर देशांचे प्रवासी वर जाऊन खाली बघतात. लातूरकर तसे करत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हलली तेव्हापासून या भागातला माणूस कुठल्याही इमारतीत शिरला की आधी कॉलम बघतो आणि मग दार. (शांघायची पहिली मेट्रो त्याच वर्षी सुरू झाली. तिथे जमिनीखालून माणसे नेण्याचे काम चालू असताना इथे ढिगाऱ्याखालून काढण्याचे चालू होते.) तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अन् हे हललं तर ओ?’ गाइड अभिमानाने सांगते की हलतेच. म्हणूनच १२५व्या मजल्यावर हजार टनांचे वजन टांगून ठेवले आहे, वाऱ्याने इमारत एका अंगाला झुकली की ते दुसऱ्या अंगाला जाते. एवढ्या उंचावर हजार टन टांगले आहेत ही माहिती दिलासा म्हणून दिलेली असते. अर्धा गट फोटो न काढताच उतरायच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

उरलेल्या अर्ध्यांना गाइड पुढचे सांगते आणि लातूरकरांच्या दृष्टीने सहलीतला सर्वांत अविश्वसनीय भाग हाच. शांघाय मऊ गाळावर वसलेले आहे. कारखान्यांनी जमिनीतून इतके पाणी उपसले की १९२१ ते १९६५ या काळात शहराचा मध्यभाग काही ठिकाणी अडीच मीटरहून जास्त खचला. मग उपसा आवरला आणि विहिरींमध्ये वरून पाणी सोडायला सुरुवात केली. हिवाळ्यात गार पाणी खाली साठवायचे आणि उन्हाळ्यात तेच वर काढून सूतगिरण्या गार ठेवायच्या, अशीही सोय केली. बोअर आठशे फुटांवर जाऊनही ज्याच्या शेतात नुसता धुरळा उडालेला असतो, त्याला हे पचत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन जलदूत रेल्वे लातूर स्टेशनात आली तेव्हा माणसे टँकरला हात लावून बघत होती. त्यातलाच एखादा इथे उभा असतो. तो हळूच शेजाऱ्याला म्हणतो, ‘पाणी लई झालंय का ह्यांला?’ धरण कुठले, असे विचारल्यावर गाइड यांग्त्झी नदीच्या मुखातच बांधलेल्या छिंगत्साओशा जलाशयाचे नाव सांगते. त्याचा मृतसाठा किती, हा पुढचा प्रश्न तिला समजत नाही. शांघायमध्ये तो कोणी विचारत नसावे.

जेवणाकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लातुरात सोयाबीन हे अन्न नसून भाव आहे. ते पेरले जाते, विकले जाते, अडवून ठेवले जाते, त्यावर मुलीचे लग्न ठरते किंवा पुढे ढकलले जाते; ताटात मात्र तेलाखेरीज फारसे येत नाही. चीन ही या पिकाची मायभूमी. शांघायच्या न्याहारीत गरम सोयादूध असते, जेवणात टोफू असतो आणि सोया सॉस सगळ्यात असतो. चीन वर्षाला सुमारे दहा कोटी टन सोयाबीन बाहेरून आणतो, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेतून, असे कळल्यावर टेबलावर शांतता पसरते. एवढे घेतात तर आपल्या आडतीवर भाव का पडतो, यावर मग भाषणे होतात. आणलेल्या मालातला मोठा भाग तेल काढून पेंडीच्या रूपाने डुकरांना जातो, हे मात्र माळकऱ्यांना कोणी सांगत नाही.

माळकऱ्यांसाठी शांघायमध्ये गोंगदेलिन हे १९२२ पासूनचे शाकाहारी उपाहारगृह आहे. तिथे जे घडते ते तपशिलात पाहण्यासारखे असते. समोर बशी येते. तीत तांबूस, तकतकीत सालीचे, तिरपे कापलेले बदकाचे काप ओळीने मांडलेले असतात. कडेला तेलाचा ओघळ, आत पदरावर पदर. माळकरी एक हात गळ्यातल्या तुळशीकडे नेतो आणि दुसऱ्याने बशी सरकवतो. वाढणारी बाई ती परत आणते. बशी तीनदा ये-जा करते. शेवटी गाइड उलगडा करते की हे टोफूच्या सायीचे थर आहेत, यात बदक नावापुरतेसुद्धा नाही. म्हणजे सोयाबीनच! मग तो काप दशमीवर ठेवून, वर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ला जातो आणि ‘क्विंटलला किती पडत आसंल?’ हा हिशेब तोंडातला घास संपण्याआधी सुरू होतो.

यू उद्यान पॅन युनदुआन या मिंगकालीन अधिकाऱ्याने वडिलांच्या म्हातारपणासाठी १५५९ साली करायला घेतले आणि १५७७ साली पुरे केले. या खर्चात घराणे बुडाले असे सांगतात. ही कथा दुसऱ्या वर्गातल्या प्रवाशांना, म्हणजे शेत विकून मुलाला डॉक्टर करणाऱ्या पालकांना फार भावते आणि त्याच रात्री मुलाला सांगितली जाते. उद्यानाबाहेर नागमोडी वळणांचा पूल आहे. भुते सरळ रेषेतच चालतात, म्हणून पूल वाकडा, अशी समजूत आहे. सुटीच्या दिवशी त्यावर इतकी गर्दी असते की भुताने सरळ जायचे ठरवले तरी जागा मिळणार नाही.

नांदेडकराची चौकशी वेगळी असते: गुरुद्वारा कुठे आहे? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात एके काळी शेकडो शीख शिपाई होते आणि १९०८ साली दोंगबाओशिंग रस्त्यावर त्यांचा गुरुद्वारा उभा राहिला. इमारत टिकली, पण पुढे तिथे संसार थाटले गेले. सहलीच्या कार्यक्रमात ती नसते. तरीही नांदेडकर पत्ता लिहून घेतो.

परतीला पुडोंग विमानतळाकडे मॅग्लेव्ह नेते. रुळांना न टेकता चुंबकाच्या जोरावर ती तीस किलोमीटर जाते. २००४ पासून ती ताशी ४३१ किलोमीटरने धावत असे. २०२१ पासून वेग तीनशेवर आणला आहे, तरी आठ मिनिटे पुरतात. जागा कोणाची यावरून बोलाचाली सुरू होण्याआधीच स्टेशन येते. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झाल्यापासून लातूरकराला डब्यातले कळते, म्हणून तो वाकून चाके शोधतो. रात्रभराच्या मुंबई गाडीची सवय असलेल्या माणसाला वेगाचे मात्र विशेष कौतुक नसते. सुरू झाल्यापासून गाडी त्याच दोन स्टेशनांमध्ये धावते आहे आणि अजून कोणी ती लातूरच्या मुंबई गाडीसारखी पुढे बिदरपर्यंत वाढवलेली नाही, हे समजल्यावर तो मनापासून मान डोलावतो.