पेरूचे लेखक

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, पण अमेरिकेच्या माणसाला काय म्हणावं हे अजून ठरायचंय. ‘अमेरिकन’ इंग्रजीचा मानसपुत्र, ‘अमेरिकी’ हिंदी वर्तमानपत्रांतून आलेला पाहुणा, आणि ‘अमेरिकेचे’ म्हटलं की माणूस तिथल्या मालकीचा वाटतो. मग तिन्ही नावांचे वर्ग (कॅटेगरी) उघडायचे नि एकच अभिनेता तिन्हीकडे जेवायला बसवायचा.

नियम करू म्हटलं, तर ‘ई’ लावा. जपानी, नेपाळी, चिनी. गाडी झकास पळते. पुढे चाड देश येतो. ‘चाडी लेखक’! एक ‘ह’ घुसला की बिचाऱ्याची अब्रू गेली. बरं, सरसकट ‘चे’ लावू. तर ‘पेरूचे लेखक’ तयार! नोबेलविजेते मारिओ व्हार्गास योसा तिखटमीठ लावून बशीत. त्यांनी १९९३ साली स्पेनचंही नागरिकत्व घेतलं होतं. म्हणजे दुसऱ्या वर्गात ते ‘स्पॅनिश’. इथे ‘चे’ का नाही, असं विचारलंत तर चर्चापानाची लांबी वाढते, इतकंच.

इंग्लंडच्या फलंदाजाला तर ‘इंग्रज’ म्हणायची सोयच नाही. तो १९४७ सालीच गेलेला असतो.

मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांचं बरं होतं. आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे युरोपातले सगळे आले, आणि वर्ग एकच: टोपीकर.