दक्षिणेकडे पाय

बॉस्टन सोडून अटलांटाला जायचं ठरलं, तेव्हा गुहागरहून आत्याचा फोन आला. "दक्षिणेकडे पाय करून निजू नये म्हणतात, आणि तुम्ही अख्खं बिऱ्हाडच तिकडे हलवताय?" यमाची दिशा अमेरिकेतही तीच असते का, हे अगदी जिभेवर आलं होतं, पण आत्याला उलट प्रश्न करायची आमच्याकडे पद्धत नाही. बॉस्टनच्या मराठी मित्रांनी शास्त्राचा आधार न घेता तेच सांगितलं. तिकडे उकडतं, माणसं सावकाश बोलतात आणि दिसेल ते तळून खातात. सांगणाऱ्याच्या हातात त्या वेळी बटाटावडा होता.

नवरा हिशेबी. त्याने फ्रिजवर कागद चिकटवला, मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. 'बर्फ उपसणे बंद' हा पहिला फायदा, 'उकाडा' हा पहिला तोटा. त्याला तेरा वर्षं झाली. आता त्या कागदावर इकडून तिकडे इतके बाण आहेत, की पानिपताचा नकाशा वाटावा.

पहिला बाण मी मारला, मातीसाठी. जॉर्जियाची माती लोहाने लाल, थेट कोकणासारखी. पहिल्याच पावसात मुलगा अंगणात लोळून आला आणि त्याचे पांढरे मोजे बघून मला शाळेची वाट आठवली. नवरा सोलापूरचा, काळ्या मातीतला. त्याने 'डाग निघत नाहीत' असं उजवीकडे लिहिलं होतं. मी मुकाट्याने ते डावीकडे नेलं.

त्याच मातीच्या प्रेमापोटी पुढची फजिती झाली. कुंपणाशी एक वेल उगवला होता. तीन-तीन पानांचा, हुबेहूब वालासारखा. परमुलखात वाल उगवतोय म्हटल्यावर मी हरखलेच. त्याला पाणी घातलं, काठ्यांचा मांडव केला, कोवळे शेंडे सुतळीने बांधून दिले. वेलही गुणी. रोज वीतभर वाढायचा. पंधराएक दिवसांनी शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "ब्लेस युअर हार्ट, हनी." मी थँक्यू म्हणाले.

या बोलाचा अर्थ देव तुझं भलं करो असा असला, तरी खरा अर्थ बोलणाऱ्याच्या भुवईत असतो. पोळी करपली की आत्या "शहाणी गो माझी बाय" म्हणते, तोच सूर. कोकणात जन्म काढून मला तो ओळखू आला नाही, याची लाज अजून वाटते. वेल होता कुडझू. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात शोभेसाठी म्हणून जपानहून आलेला. १९३०च्या दशकात इथली लाल माती धुपून चालली, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन तो लावायला लावला. त्याने माती धरली. मग झाडं धरली, विजेचे खांब धरले, पडकी घरं पांघरूण घातल्यासारखी झाकून टाकली. दक्षिणेतले लोक तीन पिढ्या जो वेल उपटतायत, त्याला मी मांडव घालून दिला होता. कुडझू वालाच्याच कुळातला, तेव्हा मी अगदीच चुकले नव्हते. पण हे सांगणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी स्वतःची कुदळ घेऊन हजर. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून त्याचं मूळ खणलं. मांडीएवढं निघालं. तेव्हापासून मी त्यांना गल्लीतल्या सगळ्यांसारखी 'मिस' म्हणते. इथे वडीलधाऱ्या बाईच्या पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, मग ती पणजी का झालेली असेना. आपल्या 'ताई'ला याहून जवळचा शब्द मला इंग्रजीत भेटलेला नाही.

खणून झाल्यावर त्यांनी विचारलं, "चहा घेणार?" बॉस्टनमध्ये इतक्या वर्षांत शेजाऱ्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आला तो उभा ग्लास, निम्मा बर्फाने भरलेला, आणि आत दुधाचा थेंब नसलेला, पाकासारखा गोड, गारढोण चहा. यादीतला हा एकच तोटा तेरा वर्षांत जागचा हललेला नाही.

मार्च उजाडला की शहराला हळद लागते. गाड्या, पायऱ्या, कुत्री, सगळं पिवळं. पाइनचे परागकण. २९ मार्च २०२५ला हवेत घनमीटरमागे १४,८०१ कण मोजले गेले. दीड हजारालाच इथे 'फार जास्त' म्हणतात. गंमत अशी, की डोळ्यांना दिसणारी ही पिवळी पूड तशी निरुपद्रवी. शिंका काढतात ते ओक आणि बर्च, ज्यांचे कण दिसतही नाहीत. भाऊबंदकीतही बोंब एकाच्या नावाने होते आणि बांध दुसराच कोरत असतो.

आणि बर्फ. २८ जानेवारी २०१४ला जेमतेम अडीच इंच पडला. बॉस्टनमध्ये एवढ्यासाठी कोणी पडदासुद्धा सरकवत नाही. इथे भर दुपारी सगळं शहर एकदम घराकडे निघालं, रस्ते गोठले आणि गाड्या रात्रभर महामार्गावर अडकल्या. कित्येक मुलं शाळेतच झोपली. मी गाडी कडेला सोडून चालत निघाले. नवऱ्याला फोन केला, "पीचट्रीवर आहे." तो म्हणाला, "कुठल्या?" रास्त प्रश्न होता. या शहरात पीचट्री नावाचे रस्ते डझनांनी आहेत. शेवटी एका औषधाच्या दुकानात खोकल्याच्या औषधांच्या मांडणीखाली कोट पसरून पडले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या घराण्याची हकीकत सुरू केली. सावकाश बोलण्याचा फायदा त्या रात्री कळला. पहाट झाली तेव्हा ते जेमतेम आजोबांपर्यंत पोचले होते. माझ्या पर्समधल्या शंकरपाळ्या आठ जणांत वाटल्या गेल्या. नवऱ्याने नंतर 'बर्फ' दोन्ही रकान्यांत लिहिला.

एक गोष्ट मात्र त्याने कुठेच लिहिलेली नाही. देशातून पाहुणे आले की आम्ही त्यांना ऑबर्न अव्हेन्यूवर नेतो. मार्टिन ल्यूथर किंग १९२९ साली जन्मले ते घर तिथे आहे. जवळच गांधीजींचा पुतळा आहे. दुसऱ्या दिवशी डबे घेऊन स्टोन माउंटनला जायचं. करड्या ग्रॅनाइटचा डोंगर, आणि त्याच्या पोटावर गुलामगिरी टिकवायला लढलेल्या पक्षाचे तीन पुढारी घोड्यांवर कोरलेले. १९६३ साली वॉशिंग्टनच्या भाषणात किंग यांनी याच डोंगराचं नाव घेतलं होतं. त्यांचा खून १९६८चा, कोरीवकाम पुरं झालं १९७२ला. पेन हातात घेऊन नवरा दोनदा फ्रिजपाशी उभा राहिलेला मी पाहिलाय. परवा आत्या आली होती. मान वर करून म्हणाली, "कोण हे? जिंकले का?"

"नाही, हरले."

"मग?"

मी दशम्या काढल्या.

आत्याला इंग्रजी येत नाही आणि मिसना मराठी. तरी दुसऱ्या दिवसापासून दोघी संध्याकाळी मिसच्या पडवीत बसायला लागल्या. मधे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं पातेलं. या शेंगा इथे रस्त्याच्या कडेला कढईतून गरम गरम विकतात. रातकिडे ओरडत होते, हवा अशी दमट की पदर अंगाला चिकटावा. आत्या टरफलं मांडीवरच्या कागदावर जमवत होती आणि तिच्या मोतीबिंदूची सगळी कथा सांगत होती. मिस "म्म-हम्म" म्हणत होत्या, तेही योग्य जागी.

मिसची पडवी दक्षिणमुखी आहे. आत्याने खुर्ची मागे रेलून पाय लांब पसरले होते. मी काही बोलले नाही.