दीड इंच

प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दादा असतोच. खिडकीजवळचं टेबल, शबनम, चहाचा थर्मास आणि पुढ्यात कायम दुसऱ्याच कुणाचं तरी प्रकरण.

"दादा, विषय मंजूर झाला!"

"छान. डावीकडे समास किती सोडलास?"

अजून एक ओळ लिहिलेली नसते. पण दादाचा सिद्धान्त पक्का आहे. बाइंडिंग डावीकडचा अर्धा इंच गिळतं. दीड इंच सोडला नाही, तर परीक्षकाला ओळीची सुरुवात दिसत नाही. "आणि शेवटापर्यंत तो जात नाहीच. मग उरलं काय?"

गाईड फोन उचलत नाहीत? दीड इंच. गृहीतक कोसळलं? दीड इंच. एकीने लग्नाची पत्रिका आणून दिली, तर दादाने आधी तिची कड बोटाने मोजली.

बाकीचेही सल्ले आहेत. यूजीसीचा २०१८चा नियम तो उठता-बसता ऐकवतो: साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे ४०पर्यंत गेलं की प्रबंध दुरुस्तीला परत. मग शोधगंगेवर जाऊन "हे बघ, तुझा विषय नांदेडला होऊन गेलाय," असं थंडपणे सांगून समोरच्याचं जेवण उडवतो.

त्याचा स्वतःचा प्रबंध? "दुसऱ्या प्रकरणावर शेवटचा हात फिरवतोय." हा हात मी एम.ए.ला होते तेव्हापासून फिरतोय.

तरी खरं सांगते. प्रबंध द्यायच्या आदल्या संध्याकाळी माझी श्रीलिपीतली फाईल झेरॉक्सवाल्याकडे उघडली, तर पानोपानी नुसती चिन्हं. दादा पेनड्राइव्हवर फॉन्ट घेऊन आला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली येईपर्यंत रफार तपासत बसला. जाताजाता म्हणाला, "तिसऱ्या प्रकरणातल्या दोन तळटिपांचे पृष्ठक्रमांक चुकलेत." पुस्तक न उघडता. त्याने ते वाचलेलं होतं. माझ्या गाईडनी वाचलं असेल, अशी शंकाही मला कधी आली नाही.

आपल्याकडच्या ऋणनिर्देशांत कुलगुरूंना अख्खा परिच्छेद मिळतो, सासऱ्यांना दोन ओळी आणि दादाला 'आदी मित्रपरिवार'.

पीएच.डी.ची मुदत ६ वर्षांची; पुनर्नोंदणी करून फार तर आणखी २. दादा, आता दुसऱ्या कुणाचं काही वाचू नकोस. ते दुसरं प्रकरण पाठव, जसं असेल तसं.