पंचाहत्तर टक्क्यांचं पान

"मामा, टॅब घेऊ का? आणि कोणता घेऊ?"

भाचीने एका दमात दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर द्यायला दुकानदार बसलेलाच आहे. पहिल्याचं उत्तर घेणाऱ्याने शोधायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते शोधण्याआधीच हप्ता ठरलेला असतो. म्हणून आजची जागा पहिल्या प्रश्नाला.

भाची सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करते. अभ्यासिकेतलं तिचं टेबल एवढंसं. कॉलेजात असताना घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप अजून चालतो, पण तो उघडला की वहीला जागा उरत नाही. वाचायचं बरंचसं पीडीएफमध्ये: बालभारतीची पुस्तकं, राज्याची आर्थिक पाहणी, जुन्या प्रश्नपत्रिका.

"तुझं कुठलं काम लॅपटॉपवर अडतं?" मी विचारलं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "वाचताना हाताने खुणा करता येत नाहीत. आणि मामा, पूर्ण पान एका नजरेत दिसतच नाही."

दोन्ही कारणं खरी होती. "सगळ्यांकडे आहे" असं ती म्हणाली नाही, याचं मला बरं वाटलं.

२७ जानेवारी २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतःच एक अट घातली होती. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसरी वस्तू यायची असेल, तर काही कामं तिने त्या दोघांपेक्षा चांगली केली पाहिजेत. नाहीतर तिला जागा नाही. विकणाऱ्याने घातलेली ही अट घेणारे विसरून गेले. "लॅपटॉपवर होतं ते सगळं टॅबवरही होतं" हे टॅब घेण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. अहो, तेच होत असेल तर पैसे कशाला घालायचे?

आता पानाचा हिशोब. दुकानात इंच सांगतात, पण पान इंचात वाचत नाहीत. आपले बहुतेक सरकारी अहवाल, नोट्स, प्रश्नपत्रिका ए-फोर मापाच्या: २१ सेंटिमीटर रुंद, २९.७ उंच. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा असतो साधारण १९.४ सेंटिमीटर उंच. म्हणजे वरखालच्या पट्ट्या काढून टाकल्या तरी पूर्ण पान मावायला ते ६५ टक्क्यांवर आणावं लागतं. भाचीची तक्रार इथली. पडदा मोठा आहे, पण आडवा आहे आणि पान उभं आहे.

उलट १०.९ इंची आयपॅड उभा धरला तर पडदा सुमारे १५.८ सेंटिमीटर रुंद आणि २२.७ उंच. त्यात तेच पान पंचाहत्तर टक्क्यांवर पूर्ण बसतं. अकरा इंची, पण लांबट पडद्याचा टॅब असेल, सोळास दहा प्रमाणाचा, तर रुंदी १४.८ वर येते आणि पान ७० टक्क्यांवर. सिनेमाला तो लांबट पडदा चांगला, पानाला चौरसाकडे झुकणारा. इंच जवळजवळ सारखे असूनही दोन टॅबांत हा फरक राहतो, आणि खोक्यावर तो मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो.

पंचाहत्तर टक्के म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर नऊ पॉइंटचं होतं. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. त्यांना जागा देऊन मधलं अक्षर रोमन अक्षरापेक्षा आधीच लहान राहिलेलं असतं. इंग्रजी पुस्तक टॅबवर सहज वाचणाऱ्याचे डोळे त्याच आकाराच्या मराठी पानावर थकतात, ते यामुळे. मराठी वाचणाऱ्याने दुकानातल्या रंगीत नमुना-चित्रावर टॅब निवडू नये. आपलं स्वतःचं पान सोबत न्यावं आणि तिथे उघडून बघावं.

मी टॅब घेतला तो मुद्रितशोधनासाठी. दिवाळी अंकांची प्रुफं ऑगस्टपासून यायला लागतात, आणि ती आता छापून येत नाहीत, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. लॅपटॉपवर मी ती वर्षानुवर्षं तपासली. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्डची फाइल, तिच्यात "पान ४७, दुसरा स्तंभ, वरून अकरावी ओळ, 'पूर्व'वर रफार नाही" असं लिहीत बसायचं. मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेला असला तर शब्द निवडून इकडे चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात. शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण डोळ्यांना 'पूर्व' दिसत असलं तरी यंत्राच्या लेखी तिथे दुसरंच काही असतं. एका ओळीत तीन चुका असल्या की वर्णन मूळ ओळीपेक्षा लांब व्हायचं, आणि अकरावी ओळ मोजताना अक्षरजुळणीच्या ऑपरेटरने बारावी मोजली तर बरोबर असलेला शब्द बिघडायचा. असा बिघडलेला एक शब्द एका कवितेत छापून गेला. कवींनी मला फोन केला नाही. तेच जास्त लागलं.

टॅबवर पेनाने थेट पानावर लिहितो. चुकीच्या वेलांटीवर काट, समासात दुरुस्ती, परिच्छेद जोडायची ती कमान. डीटीपी करणाऱ्याला ओळ मोजावी लागत नाही. शंका असली तर लेखकालाच पान पाठवतो, तोही त्यावर लिहून परत करतो. हे काम फोनवर होत नाही आणि लॅपटॉपवर रडतखडत होतं. माझ्या घरात टॅबला जागा मिळाली ती एवढ्या एका कामाने.

आणि तो आल्यावर लॅपटॉप बंद झाला का? मुळीच नाही. लेख लिहायचा असला की मी लॅपटॉपपाशीच बसतो. हस्तलिखित टॅबवर उघडून शेजारी उभं करतो आणि लॅपटॉपवर टंकतो; दोन पडदे असले की मान आणि वेळ दोन्ही वाचतात. माझ्या ओळखीच्या छापखान्यांत अक्षरजुळणी, पानांची मांडणी सगळं विंडोजवर चालतं, ते टॅबवर उचलून नेता येत नाही. टॅली वापरणाऱ्या हिशोबनिसाचंही तेच. निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराची डिजिटल सही यूएसबीच्या टोकनमध्ये असते, तिला संगणकच लागतो. अशा माणसांना कुणी "लॅपटॉप विका, टॅब घ्या" असा सल्ला देत असेल, तर त्याने त्यांचं काम एक दिवसही बघितलेलं नाही.

मराठी टंकनाचंही तपासून घ्या. काचेवरच्या कळफलकाने निरोप लिहिता येतो, दोन हजार शब्द लिहिताना बोटं आणि धीर दोन्ही संपतात. बाहेरचा कळफलक जोडणार असाल तर तुम्हाला सवय असलेल्या पद्धतीने त्यावर मराठी उमटतं का, हे पैसे देण्याआधी दुकानातच करून पाहा. 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्य' लिहून पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

कळफलकाच्या कव्हराबद्दल मला ठाम बोलायचं आहे. २०२१ चा १२.९ इंची आयपॅड प्रो ६८२ ग्रॅमचा. त्याचं कळफलकवालं कव्हर सुमारे ७०० ग्रॅमचं. दोन्ही मिळून जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅम. त्याच कंपनीचा २०२२ चा मॅकबुक एअर १ किलो २४० ग्रॅम. म्हणजे हलकं म्हणून घेतलेली वस्तू कव्हर चढवल्यावर लॅपटॉपपेक्षा जड झाली, आणि पैसे गेले ते निराळेच. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याने हे कव्हर घेऊ नये. त्या पैशात पेन घ्यावं.

पेन मात्र कुठलंही चालत नाही. रबरी टोकाचं स्वस्त पेन म्हणजे काचेच्या लेखी दुसरं बोटच; लिहिताना तळहात टेकला की पानभर रेघोट्या. काचेला हातापासून वेगळं ओळखता येणारं, त्या टॅबसाठीच बनवलेलं पेन हवं. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत ते खोक्यातच येतं, ॲपलचं वेगळं विकत घ्यावं लागतं आणि तिथे कुठल्या आयपॅडला कुठलं पेन हे कोष्टक बघितल्याशिवाय हात घालू नये. यूएसबी-सीवाली ॲपल पेन्सिल हाताचा दाब ओळखत नाही. खुणा आणि टिपणं करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. चित्र काढणाऱ्या मुलीला पडतो, फार पडतो.

हा सगळा हिशोब लॅपटॉप असलेल्या घराचा. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते. त्यातल्या ज्यांच्या घरी दुसरा पडदाच नाही त्यांना तो 'सोबतीला' मिळालेला नसतो, तोच वर्ग असतो आणि तीच वही. तिथे घ्यावा की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. प्रश्न एवढाच, की त्याची बॅटरी बसली किंवा काच फुटली तर तालुक्याच्या गावी तो दुरुस्त कोण करणार.

भाचीला मी एक काम सांगितलं. "झेरॉक्सच्या दुकानात जा. आर्थिक पाहणीतली दहा पानं पंचाहत्तर टक्क्यांवर छापून घे. पाच मजकुराची, पाच तक्त्यांची. आठवडाभर अभ्यासिकेच्या दिव्याखाली तीच वाच, त्यांवर खुणा कर. मग फोन कर."

तिने केला. मजकूर वाचता आला, तक्त्यांतले आकडे मात्र पुसट लागले. मी सांगितलं, टॅब आडवा धरला की १०.९ इंचीची रुंदी २२.७ सेंटिमीटर होते, ए-फोरच्या २१ पेक्षा जास्त. पान अर्धंच दिसतं, पण मूळ आकारात. तक्ता तसा वाचायचा.

"आणि उत्तरं टॅबवर लिहायचा सराव केला तर?"

"ते नको." राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिथे कागद आहे, शाईचं पेन आहे आणि घड्याळ आहे. काचेवर पेन सरकतं, कागदावर घासतं; मनगटाला तीन तासांची सवय लागायची ती घासण्याची. चुकलेली ओळ एका टिचकीने पुसायची सवय तर मुळीच लागू नये.

तिने चौरसाकडे झुकणाऱ्या पडद्याचा टॅब घेतला, पेनासह, कव्हर साधं. कळफलकाचे वाचलेले पैसे कुठे गेले ते तिने फोटो पाठवून कळवलं: अभ्यासिकेच्या टेबलावर टॅब उभा, त्यावर तिच्या हिरव्या खुणांनी भरलेलं आर्थिक पाहणीचं पान, आणि शेजारी रेघांच्या उत्तरपानांचे तीन गठ्ठे. लॅपटॉप खोलीवर ठेवला होता. टेबलावर वहीला जागा होती.