जुनेरवाली मोठीआई

बालाघाटकडच्या उकव्याच्या मँगनीज खाणीत ज्यांच्या दोन पिढ्या खपल्या, अशा मराठी घरांत एक तरी मोठीआई असते, जिनं सुती कापड म्हणून कधी फेकलेलं नाही. आमची मोठीआई पाहुण्याचं तोंड नंतर बघते, आधी त्याच्या धोतराचा काठ चिमटीत धरते. चोळते, डोळे मिटते आणि आंब्याचा पाड तपासावा तसा निकाल देते, "अजून दोन पावसाळे नेसा. मग मले द्या." जावयालाही सूट नाही. टेरिकॉट दिसलं की मात्र हात झटकते. "याले ओल पिता येत नाही, बाप्पा!"

कुणाच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं की तिची ट्रंक उघडते. लंगोट, दुपटी कुणीही करतं. तिचा खरा जीव लंगोटाच्या आतल्या घडीत. लुगड्याचे काठ आधी काढायचे, ते टोचतात. कात्री लावायची नाही, दातानं चीर पाडून हातानं फाडायचं. शिवण नको, गाठ तर नकोच. मग खळीचा अंश जाईस्तोवर उकळायचं, कारण खळ राहिली तर कापडात पाणी नीट जिरत नाही. शेवटी घडीवर पाण्याचा थेंब सोडून बघते. जिरला, तर पास!

यंदा पुतसून पुण्याहून बाळाला घेऊन आली, ती धुवायचे नवे डायपर आणि त्यात घालायच्या 'पर्यावरणस्नेही' बांबू-लायनरचं बंडल घेऊन. मोठीआई उडालीच. बालाघाट जिल्ह्यात बांबूचं काय नवल! सुपं, टोपल्या, ताटवे यांत जन्म गेला. "लेकराच्या बुडाले कामट्या काहून लावता?"

सुनेनं समजावलं, की बांबूचा लगदा करतात, तो रसायनांत विरघळवतात, मग त्याचा धागा काढतात, व्हिस्कोस.

"मंग बांबू उरला कुठं?"

अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2009 साली काही विक्रेत्यांना नेमकं याच मुद्द्यावर धरलं होतं. विकता रेयॉन आणि सांगता बांबू! मोठीआईला त्यासाठी आयोग बसवावा लागला नाही. पाकिटावरचा 'फ्लश करा' हा सल्ला तर तिनं ऐकूनही घेतला नाही. टाकी तुंबल्यावर उपसायला पाकीटवाला येणार आहे का?

पण बाई न्यायी. लायनर उचलला की शी अख्खी निघते, डायपरला डाग राहत नाही, हे तिनं दुसऱ्याच दिवशी कबूल केलं. तिसऱ्या दिवशी बघतो तो नुसते ओले झालेले लायनर धुऊन मागीलदारी दोरीवर! (पुढच्या अंगणात नाही. तिथं मँगनीजच्या ट्रकांची काळी धूळ बसते.) पाऊस लागला तेव्हा शेगडीवर टोपला पालथा पडला, त्यावर लंगोट, डायपर, लायनर सगळे एका पंगतीत आणि खाली ओव्याची धुरी. टोपल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बांबूचं काम हे."

सून हसली, पण घड्यांचा गठ्ठा मुकाट्यानं बॅगेत भरून घेऊन गेली. परवा तिच्या वडिलांचा पुण्याहून फोन आला. आवाज जरा चिंतेचाच होता. म्हणाले, "अहो, मुलगी माहेरी आलीय. माझा सदरा चिमटीत धरून बघते आणि अजून किती दिवस घालणार म्हणून विचारते!"