कोऱ्या परंतु अनुभवी ट्रकाच्या खरेदीविषयी इच्छुकांस सूचना

‘ट्रक नवा आहे, पण मागे दोनतीनदा बिघडला होता,’ हे विधान कानी पडताच तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास वदतोव्याघाताचा नमुना सापडल्याचा आनंद होण्याचा संभव आहे; परंतु ज्या गृहस्थाने विक्रेत्याच्या आवारात, मागच्या कुंपणालगत, काचेवरच्या धुळीत कोणा टवाळाने बोटाने बदाम काढून ठेवलेला कोरा ट्रक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यास या विधानात काडीमात्र विसंगती दिसणार नाही. प्रात्यक्षिकासाठी वर्षभर गावोगाव हिंडवलेला, अथवा कोणी हौसेने नेऊन महिन्याभरात भांडून परत आणून लावलेला असा हा ट्रक, रंगाने पाहिला तर कालचा असतो आणि लोखंडाने पाहिला तर त्याने पुष्कळ भोगलेले असते. आणि या दोन वयांतील अंतराची भरपाई म्हणून विक्रेता किमतीत जी सूट देऊ करतो, तिलाच आमच्याकडे ‘चान्स’ म्हणण्याचा प्रघात आहे.

असा एक चान्स गेल्या महिन्यात माझ्या भाच्याकडे चालून आला. त्याने माझा सल्ला विचारला, तो मी ट्रकांतला जाणकार म्हणून नव्हे, कारण उभ्या आयुष्यात मी सायकलीपलीकडे वाहन हाकलेले नाही. तर ज्याचा सल्ला मोडताना संकोच वाटू नये असा दुसरा वडीलधारा त्याच्या आप्तवर्गात उरलेला नाही, म्हणून. तथापि सेवानिवृत्त मुख्याध्यापकाकडे कोणतेही प्रकरण आले की तो प्रथम एक वही घालतो. पुढील सूचना त्या वहीतील आहेत.

इच्छुकाने आरंभी ट्रक पाहू नये. विक्रेत्याची भाषा ऐकावी. ‘किरकोळ काम होतं’ याचा अर्थ काम कोणते ते सांगणाऱ्यास पक्के ठाऊक आहे, असा घ्यावा. ‘सेन्सरचा प्रॉब्लेम होता’ याचा अर्थ ते त्यास ठाऊक नाही, असा. आणि ‘कंपनीचा माणूस येऊन सॉफ्टवेअर टाकून गेला’ याचा अर्थ ते कंपनीच्या माणसासही उमगले नाही, असा. ‘आता काही नाही’ या वाक्यात ‘आता’ या क्रियाविशेषणावर जो भार पडतो, तो कोणत्याही दहाचाकीच्या मागल्या पाट्यांवर पडणाऱ्या भाराहून कमी नसतो.

माझे स्वतःचे मत असे की, ज्या दोषास नाव, तारीख व जॉबकार्ड आहे तो दोष विकत घेण्यास हरकत नाही. गिअरबॉक्स गेला, अमुक तारखेस सबंध नवा बसवला, जुना कारखान्याने ताब्यात घेतला, एवढे कागदावर नमूद असेल तर तो ट्रक शेजारच्या निर्दोष ट्रकाहून एका अर्थी सरसच ठरतो, कारण शेजारच्याचा गिअरबॉक्स अद्याप जावयाचा आहे. याउलट जो कधी चढावर ओढ सोडतो, कधी पावसात दिवे मालवतो आणि मिस्त्रीपुढे उभा करताच शहाण्यासारखा वागतो, तो ट्रक फुकट मिळाला तरी महाग पडेल. वायरिंगमधला लपंडाव शोधण्यात मिस्त्रीचे दिवस जातात आणि तेवढे दिवस फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र तहकूब होत नाही.

हल्लीच्या ट्रकांच्या व्याधी बहुधा धुराच्या वाटेत उद्भवतात, सबब तेथे थोडे रेंगाळणे इष्ट. 1 एप्रिल 2020 पासून बी. एस. सहाची मानके अमलात आली आणि डिझेल ट्रकाच्या पोटाखाली दोन बिऱ्हाडे कायमची राहावयास आली: काजळी अडवणारा डी. पी. एफ. आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचा बंदोबस्त करणारी युरियाची टाकी. पहिल्यात साठलेली काजळी वेळोवेळी सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जाळावी लागते, आणि तेवढी धग येण्यासाठी ट्रक मोकळ्या रस्त्यावर दमदार व अखंड धावावा लागतो. जो बिचारा कळंबोलीहून वाशीच्या बाजारात व वाशीहून कळंबोलीस एवढ्याच येरझाऱ्या घालतो, त्याची जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि अखेरीस इंजिन असहकार पुकारून स्वतःची ताकद स्वतःच कमी करून घेते. दुसऱ्या बिऱ्हाडाचे पथ्य याहून कडक: द्रावणात युरिया 32.5 टक्के, बाकी निर्भेळ शुद्ध पाणी. शेतात टाकावयाचा युरिया नळाच्या पाण्यात ढवळून जो काटकसरी मनुष्य टाकी भरतो, त्याच्या बारीक नळ्यांत खडे धरतात.

आता हा दोष ट्रकाचा म्हणावा की हाकणाऱ्याचा? ही रुजुवात करण्यासाठी ट्रक आधी कोणाच्या हाती होता व कोठे फिरत होता हे काढावेच लागते. तो शहरातल्या शहरात घुटमळत असेल, आणि इच्छुक त्यात नाशिकचा कांदा भरून थेट इंदूर गाठणार असेल, तर हा आजार हवापालटाने उतरण्यासारखा आहे. शाळा बदलताच हुशार निघालेली मुले मी पाहिली आहेत. न निघालेलीही पाहिली आहेत, पण त्यांच्या पालकांनी माझा सल्ला घेतला नव्हता.

ट्रक प्रत्यक्ष पाहावयाचा तो टायरापासून. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, मागले दोन सालाचे. 2324 म्हणजे 2024 सालातला तेविसावा आठवडा. हे अंक ट्रकाच्या निर्मितीच्या महिन्याशेजारी मांडावेत. टायर ट्रकाहून चारदोन महिन्यांनी वडील असणे स्वाभाविक आहे. परंतु कोऱ्या म्हणवणाऱ्या ट्रकाचे टायर त्याच्याहून वर्षभराने धाकटे निघाले, तर मूळचे टायर कोणत्या रस्त्यावर झिजले याचा जाबजबाब घ्यावा. इंजिन बदललेले असल्यास ठोकलेला नंबर व कागदांवरील नंबर यांची खातरजमा करावी. आणि एकदा कोणाच्या नावाने पासिंग झाले असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, तो ट्रक दुसऱ्या हाताचा. विमावाल्यांच्या तक्त्यात वाहन सहा महिन्यांचे होईपर्यंत घसारा 5 टक्के असतो, वर्षाचे होईपर्यंत 15 आणि दोन वर्षांपर्यंत 20, आणि सूट जर या घसाऱ्याहूनही कमी असेल तर तिला सूट कशास म्हणावयाचे?

ट्रायल भरल्या गाडीची मागावी. रिकामा ट्रक आणि पाहुण्यांपुढचा मुलगा यांच्या वर्तनावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्यांची परीक्षा खंबाटकीच्या चढावर, उन्हात, माल भरून होते. शोरूमवाले अशी ट्रायल देत नाहीत. तरी मागावी, म्हणजे त्यांच्या नकाराचे शब्द वहीत उतरवून घेता येतात.

कज्जाची वेळ आलीच तर इच्छुक कोठे बसतो यास महत्त्व आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, परंतु निव्वळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेणारा ग्राहक होय, अशी तरतूद 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. जुन्या 1986 च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली, स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा मनुष्य ग्राहकच, असे स्पष्ट केले होते. तात्पर्य, भाचा स्टिअरिंगमागे बसला तर तो गाऱ्हाणे घेऊन ग्राहक आयोगापुढे उभा राहू शकतो. पाच ट्रकांवर पाच ड्रायव्हर नेमून स्वतः गादीवर लोडाला टेकला, तर त्यास तो दरवाजा बहुधा बंदच.

एवढी सिद्धता करून, वही, चष्मा व एक विश्वासू मिस्त्री यांसह मी भाच्याबरोबर त्या आवारात हजर झालो. मिस्त्री पोते अंथरून ट्रकाखाली सरकला. मी टायरवरील अंक लिहून घेत होतो, तोच विक्रेत्याच्या माणसाने भाच्यास अदबीने विचारले, की हौद्याच्या पाठीवर नाव धाकटीचे घालायचे की दोघी मुलींचे, कारण पेंटर उद्या येणार आहे. आणि तेव्हा मला कळले, की विसार मागल्या गुरुवारीच दिला गेला होता.

मी वही मिटली. मिस्त्री बराच वेळ खाली ठोकाठोकी करत होता. मग त्याची बॅटरी विझली व ट्रकाखालून आवाज आला :

“गुरुजी, खरं सांगू का बरं सांगू?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी पुढच्या टायरवरचे चार अंक पुन्हा वाचू लागलो.