चंदीचा बंदोबस्त

कृश मनुष्य दिसला की लोक त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. कृश घोडा दिसला की चौकशी होते ती त्याच्या मालकाच्या चारित्र्याची. हा अनुभव ज्यांनी घेतला नसेल त्यांनी दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेस जावे, तापीकाठी जमलेल्या त्या अश्वसमुदायातून आमच्या मामांनी केवळ कपाळावरचा भोवरा पाहून जसा एक घोडा पसंत केला तसा करावा, आणि फाल्गुनापर्यंत स्वस्थ वाट पाहावी. थंडीत घोड्याच्या अंगावर दाट केस येतात, आणि त्या केसांखाली बरगड्या, पाठीचा कणा व विकणाऱ्याचा हेतू असे सर्वच काही झाकून राहते. पुढे ऊन तापू लागून खराऱ्याबरोबर ते केस झडू लागले, तसतसा आमच्या दारचा हा प्राणी उत्तरोत्तर उघडा पडत गेला, आणि होळीच्या सुमारास त्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येऊ लागल्या. मामांनी त्याचे नाव गजेंद्र ठेवले होते. ते बदलण्याची सूचना मामींनी मांडली. ती फेटाळण्यात आली.

मामांच्या घराण्यात पूर्वी शिलेदारी होती. त्या शिलेदारीचा आज शिल्लक असलेला ऐवज म्हणजे एक गंजलेली तलवार, एक उसवलेले खोगीर आणि घोड्याविषयी बोलताना मामांच्या आवाजात येणारी जरब. "चंदी वाढवा," एवढाच त्यांचा हुकूम झाला, आणि घरात पुस्तके वाचणारा मी एकटाच असल्यामुळे पागेचा सर्व कारभार माझ्याकडे आला. साहजिकच मी प्रथम कौटिल्याकडे धाव घेतली. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याचा शिधा सांगितला आहे : दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह, पाच पल मीठ, पन्नास पल मांस, आणि वर एक प्रस्थ मद्य किंवा त्याच्या दुप्पट दूध. ही यादी वाचून दाखवताच मामांचे डोळे भरून आले. मद्याच्या कलमाची अंमलबजावणी तत्काळ व्हावी आणि वाटपावर देखरेख ठेवण्यास आपण जातीने हजर राहू, असे त्यांनी जाहीर केले. परंतु दुधाची सवलत खुद्द ग्रंथकारानेच दिली आहे, हे मामींनी पुस्तकावर बोट ठेवून दाखवले आणि ते प्रकरण दप्तरी दाखल झाले.

मग तालुक्याहून पशुवैद्य आले. घोड्याची अंगलट मोजण्यासाठी हेन्के नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह 1983 साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली, तीत 1 पासून 9 पर्यंत गुण देतात. मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ चाचपून डॉक्टरांनी गजेंद्राला दोन गुण दिले. नऊपैकी दोन म्हणजे नापास, हे मामांना समजले. परंतु पाच मिळाले की पुरे आणि नऊ मिळवणारा घोडा रोगाच्या वाटेवर असतो, हे ऐकल्यावर, पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी जिथे आजारी ठरतो त्या परीक्षेवर त्यांचा विश्वास बसेना. त्यातच डॉक्टरांनी छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजला, त्याचा वर्ग केला, त्यास अंगाच्या लांबीने गुणले आणि 11,880 ने भागून घोड्याचे वजन किलोत काढले. घोड्याला तराजूत न घालता त्याचे वजन सांगणारा मनुष्य एक तर ज्योतिषी तरी असला पाहिजे किंवा सावकार तरी, असे मामांचे मत पडले.

खरा दोष सापडला तो तोंडात. घोड्याचे दात जन्मभर थोडेथोडे वर येत राहतात आणि चावताना झिजत जातात. ती झीज सारखी झाली नाही, तर वरच्या दाढांना गालाकडच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेकडच्या बाजूने धारदार कडा येतात. गजेंद्र कडबा तोंडात घेई, बराच वेळ चिंतन करी आणि अर्धवट चावलेला बोळा खाली टाकी. मामा याला त्याचे वैराग्य समजत होते. डॉक्टरांनी लांब दांड्याची कानस काढून ते वैराग्य घासून टाकले, लिदीच्या तपासणीनंतर जंतांचे औषध दिले, आणि जाताना अशी ताकीद दिली की कित्येक दिवस उपासमार सोसलेल्या जनावराला एकदम दाणा घालू नये. रक्तातील क्षारांचा तोल ढळून ते दगावते, नाहीतर पोटशूळ उठतो आणि खुरे सुजतात. घोड्याला ओकता येत नाही, तेव्हा दिलेले परत घेण्याची सोय नाही. सुकी वैरण आणि लसूणघास थोडीथोडी, पण दिवसातून अनेक वेळा. हरभरा पुढे, तोही चिमटीचिमटीने वाढवत.

येथून माझी खरी कसोटी सुरू झाली, कारण घोड्याला खाऊ घालणे सोपे असले तरी गावाला खाऊ घालू न देणे ही फौजेची बाब आहे. आपल्या लोकांची दया अत्यंत सढळ, परंतु ती नेहमी गुळाच्या रूपाने प्रकट होते. देवळातून परतणाऱ्या आजीबाई कनवटीचा खडा काढीत, लग्नघरून शिळ्या पुऱ्यांची टोपली येई, एका निवृत्त फौजदारांनी तर भिजवलेल्या हरभऱ्याचा भरलेला तोबरा मध्यरात्री आणून बांधला आणि मी तो सोडवताच, "अहो, मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढता?" असा सवाल केला. मी शास्त्र सांगू लागलो की ऐकणाऱ्याची नजर एकदा गजेंद्राच्या बरगड्यांवर आणि एकदा माझ्या पोटावर जाई, आणि त्या दोहोंचा परस्परसंबंध त्याच्या मनात पक्का होई. दाणा कोठे जातो याविषयी गावात जी कैफियत तयार झाली, तीत माझे नाव मुद्दलासकट होते. गजेंद्रही फितूर होता. कोणी फाटकाशी उभे राहिले की तो मान खाली घालून असा काही उसासा टाकी, की मला स्वतःलाच माझा संशय यावा.

वैशाखात त्याच्या अंगावर तुळतुळी आली, पाठीवरचा कणा बुजला, आणि आषाढात डॉक्टरांनी चार गुण दिले. मामांनी उसवलेले खोगीर शिवायला टाकले आहे. एक गुण अजून कमी आहे. तेव्हा आमच्या बाजूला कोणी वाचक आलेच, तर त्यांनी येताना गूळ आणू नये. लसूणघासाची पेंढी आणावी आणि ती माझ्या हाती द्यावी, घोड्याच्या नव्हे.